पस्तीस मिनिटांत भीमा

शिक्षकाला ताण असतो, हे राजगुरुनगरात कुणाला पटवून देणं फार अवघड आहे. निदान आमच्या सोसायटीत तरी. आमच्या बिल्डिंगमध्ये मला सोडलं तर झाडून सगळे 'कंपनीत' आहेत. कुठल्या, ते विचारायचं नसतं. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, कुठली तरी असते. पहाटे गेटवर बस येते, माणसं अर्धवट झोपेत आत चढतात, पुणे-नाशिक हायवेच्या गर्दीत दिसेनाशी होतात आणि रात्री उतरतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव असतो की त्यांच्यासमोर 'आज फार दगदग झाली बुवा' म्हणायची माझी छाती होत नाही. एकदाच म्हणालो होतो. शेजारच्या दादांनी हेल्मेट काढलं, मला नीट न्याहाळलं आणि आस्थेनं विचारलं, "का हो सर, दिवाळीची सुट्टी संपली का?"

पण असतो हो ताण. मी सहावी ते नववीला भूगोल शिकवतो, आणि कुणी आजारी, रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलं की उरलेलं सगळं शिकवतो. आमच्या ताणाचं नाव पोर्शन. जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना पोर्शन अगदी गुणी दिसतो. कुठल्या महिन्यात कुठला घटक, त्याला किती तासिका, सगळं पट्टीनं आखलेल्या चौकटीत निमूट बसतं. मग जुलैत भातलावणीला वाडा-भोरगिरीकडची पोरं गायब होतात, ऑगस्टमध्ये कवायतीच्या सरावात दिवस जातात, २४ ऑगस्टला हुतात्मा राजगुरूंची जयंती, म्हणजे त्याआधी निबंध, वक्तृत्व आणि पोवाड्याच्या तालमी, पाठोपाठ गणपती, मग सहामाही, दिवाळीनंतर स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा. आणि निमगावच्या खंडोबाच्या घाटात बैलगाडे पळणार असले की वर्गात फक्त मुली उरतात. यातलं काहीच मला नवीन नसतं. २४ ऑगस्ट दरवर्षी २४ ऑगस्टलाच येतो. तरी माझ्या वार्षिक नियोजनात त्या दिवशी 'वाऱ्यांचे प्रकार' असतात.

कायदा मात्र माझ्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळही मोजलाय. हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं, कारण रविवारी दुपारी पुस्तक छातीवर घेऊन दिवाणावर पडणं ही तयारीच असते, असं मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. बायको चाकणच्या एका कंपनीत पीपीसीला आहे. पीपीसी म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या लाईनवर, किती माल निघणार, याचा हिशेब लावणारं खातं. तिनं कणीक मळता मळता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात घोरणं धरतात का, तेवढं बघा."

तर अशा मला गेल्या वर्षी एका प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता, 'नियोजनातून ताणमुक्ती : शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची'. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, वक्ते अभ्यासू, पण व्याख्यान जेवणानंतर, जेवणात मसालेभात आणि जिलेबी, आणि माझी खुर्ची नेमकी पंख्याखाली. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असताना माझ्या कानावर एकच वाक्य स्पष्ट पडलं : "मिनिटामिनिटाचं नियोजन करा, ताण आपोआप जाईल." मी ते तत्काळ वहीत उतरवून घेतलं. पुढे सहकाऱ्यांकडून कळलं की त्याला जोडूनच ते 'असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका' असंही म्हणाले होते. पण तोवर मी सीमा ओलांडलेली होती.

आता एवढ्या एका वाक्यावर मी एवढा भाळलो कसा, हे कळायला तुम्हाला माझा पूर्वेतिहास ठाऊक हवा. नियोजनाशी माझं सूत बी.एड.पासूनच जमलेलं नाही. तिथे हर्बार्टच्या पायऱ्या होत्या. योहान फ्रीडरिक हर्बार्ट (१७७६–१८४१) हा जर्मन तत्त्वज्ञ. माणूस नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडून घेतो, असं त्या भल्या माणसाचं म्हणणं. त्यानं सांगितलेल्या चार पायऱ्यांच्या शिष्यांनी पाच केल्या, आणि त्या पाच पायऱ्यांवरून महाराष्ट्रातले छात्राध्यापक पिढ्यान्‌पिढ्या घरंगळत आले. पहिली पायरी प्रस्तावना. आपण असे खुबीदार प्रश्न विचारायचे की पाठाचं नाव मुलांच्याच तोंडून बाहेर पडावं. माझा पाठ होता 'नदी'. मी विचारलं, "मुलांनो, आपल्याला पाणी कोठून मिळते?"

"टँकरमधून."

"टँकरमध्ये कोठून येते?"

"विहिरीतून."

"पण विहिरीपेक्षा पुष्कळ, आणि वाहते पाणी आपल्याला कोठे दिसते?"

"पाइपलाइन फुटल्यावर."

मागे बसलेले निरीक्षक प्राध्यापक भराभर काहीतरी लिहीत होते. सराव पाठांच्या शाळेतली मुलं फार अनुभवी असतात. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही नदी शिकवणार आहात का?" मी हो म्हणालो. प्रस्तावना संपली.

नोकरी लागल्यावर टाचणवही आली. टाचण वर्गासाठी काढायचं असतं असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात ते सहीसाठी काढायचं असतं, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. उद्याचं टाचण आज रात्री काढावं हे शास्त्र. अख्ख्या महिन्याचं टाचण सहीच्या आदल्या रात्री काढावं, तेही तीन-चार निरनिराळ्या पेनांनी, म्हणजे दिवस निरनिराळे वाटतात, ही रूढी. मी पडलो आधुनिक. शिक्षकांच्या एका ग्रुपवर आलेली तयार टाचणांची पीडीएफ उतरवून घेतली, सुवाच्य अक्षरात वहीत नकलून काढली, अध्ययन निष्पत्तीखाली हिरव्या शाईनं रेघाही मारल्या आणि वही पर्यवेक्षक मॅडमच्या टेबलावर ठेवून हात बांधून उभा राहिलो. मॅडमनी पानं उलटली. एका पानावर थांबल्या.

"सर, सोमवारी तिसऱ्या तासाला तुम्ही सातवीला समुद्रावर नेलं होतंत?"

"अं?"

"इथे लिहिलंय. 'विद्यार्थ्यांना शाळेमागील समुद्रकिनारी नेऊन भरती-ओहोटीचे निरीक्षण करून घेतले.'"

आमच्या शाळेच्या मागे भेळेची गाडी आहे. पीडीएफ कोकणातली निघाली. मॅडम आवाज न चढवणाऱ्यांपैकी आहेत. त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि खाली शेरा लिहिला : 'परत कधी आणले?'

तर प्रशिक्षणातलं ते वाक्य घेऊन मी घरी आलो तो असा पोळलेला माणूस होतो. आता नक्कल नाही, स्वतःचं नियोजन, स्वतःच्या वर्गासाठी, मिनिटामिनिटाचं. नववीला 'बाह्यप्रक्रिया' चालू होत्या, पुढचा भाग नदीचं कार्य. रविवारी डायनिंग टेबल अडवून, लेकीचे स्केचपेन घेऊन मी ३५ मिनिटांच्या तासिकेचा तक्ता आखायला बसलो. शून्य ते तीन, प्रस्तावना. तीन ते चार, हेतुकथन. चार ते नऊ, खनन, त्यात व्ही आकाराची दरी दोन मिनिटं, धबधबा दीड मिनिट, रांजणखळगे दीड मिनिट. मग वहन. एकविसाव्या मिनिटापासून संचयन, पूरमैदान, त्रिभुज प्रदेश. मुलांच्या शंका एकतिसावं मिनिट. शंकानिरसन बत्तिसावं. तेहतीस ते पस्तीस, स्वाध्याय व समाधान. समाधान कुणाचं, ते लिहायला चौकटीत जागा नव्हती.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिच्या कंपनीत कैझेन, कानबान, टॅक्ट टाइम असली भाषा चालते, त्यामुळे निदान रंगीत तक्ता पाहून तरी तिला माझं कौतुक वाटेल असा माझा होरा होता. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात फळा कधी पुसणार?"

मी गप्प.

"अहो, लाईनवर शंभर टक्के लोड टाकला ना, की लाईन पळत नाही, तुंबते. आमच्याकडे नवीन पोरांना हे आधी शिकवतात. चाकणचा चौक बघा. रस्ता काठोकाठ भरला की एक छोटा हत्ती आडवा आला तरी सगळं ठप्प. थोडी जागा रिकामी ठेवा की, बफर म्हणून."

मी स्केचपेनचं टोपण लावलं आणि शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो, "वर्ग म्हणजे कंपनी नाही." हे वाक्य मला पुढे महिनोन्‌महिने जेवताना वाढण्यात आलं.

पाठाला साहित्य हवं म्हणून मी घरातली सगळ्यात मोठी परात नेली. परातीत वाळू, एका बाजूला शाडूचा भीमाशंकर, साबणाच्या डबीच्या झाकणाचं चासकमान धरण, दोऱ्यानं दाखवलेली इंद्रायणी तुळापूरला येऊन मिळालेली, पंढरपूरला काडेपेटीचं देऊळ, आणि पाणी उठून दिसावं म्हणून त्यात नीळ. खरी भीमा आमच्याच तालुक्यात भीमाशंकरला उगम पावते, आमच्या गावाला लागून वाहते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते आणि ८६१ किलोमीटर जाऊन कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. कृष्णेबरोबर तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. एवढा प्रवास मी पस्तीस मिनिटांत उरकणार होतो. खननासकट.

त्या दिवशी परिपाठात सुविचार सांगणारा मुलगा सुविचार विसरला, तो आठवेपर्यंत सगळी शाळा उन्हात उभी राहिली, त्यामुळे माझी प्रस्तावना सुरू होण्याआधीच संपली होती; मी थेट दरीत उतरलो तोच शिपाईमामा सूचनावही घेऊन आले, सूचना होती की ज्यांच्या आधारकार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही त्यांनी हात वर करा, अर्ध्या वर्गानं हात वर केले, त्यांची यादी 'आजच्या आज' हवी होती; यादी होते न होते तो एक आई विसरलेला डबा द्यायला आली आणि पोरानं काल काय खाल्लं नाही ते दारातच मला सविस्तर सांगू लागली; इकडे परात धरायला उभे केलेले दोन स्वयंसेवक, धबधबा नीट दिसत नाही म्हणून, माझ्या पाठीमागे नदीला तांब्यातांब्यानं पाणी घालत होते; आणि मी घड्याळाकडे बघत, गेलेली मिनिटं वसूल करायला म्हणून, बैलगाड्याच्या शर्यतीचे निवेदकही बोलत नाहीत इतक्या वेगानं बोलत सुटलो. "सर, हळू," पोरं म्हणाली. "थांबलो तर धबधबा राहील," मी म्हणालो.

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक मुलगा उठला. एरवी तोंडातून शब्द न काढणारा. त्याच्या घरचं रान नदीच्या वळणावर आहे.

"सर, आमच्या बाजूनं काठ दर पावसाळ्यात तुटतो. आन्‌ पलीकडं, वळणाच्या आतल्या अंगाला गाळ साठतो. आज्जा म्हणतो, आपलं रान थोडं थोडं पलीकडच्या मळ्यात चाललंय."

म्हणजे नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला धडकून तो खाते, आतल्या काठाशी तिचा वेग मंदावतो आणि तिथे गाळ टाकते. जे सांगायला मला चौदा मिनिटं आणि एक परात लागणार होती ते ह्या पोरानं उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. वर्ग वळून त्याच्याकडे बघत होता. मी तक्त्याकडे बघत होतो.

"बस खाली," मी म्हणालो. "संचयन एकविसाव्या मिनिटाला आहे."

तो बसला. एकविसाव्या मिनिटाला, शब्द पाळावा म्हणून, मी मुद्दाम त्यालाच विचारलं, "हं, सांग, नदी गाळ कुठे टाकते?" त्यानं वही उघडून खालपर्यंत पाहिली आणि अदबीनं म्हणाला, "सर, अजून लिहून दिलं नाही."

नदीनं मात्र लिहून देण्याची वाट पाहिली नाही. तांब्यातांब्यानं भरलेली परात त्याच मिनिटाला कलली, चासकमान वाहून गेलं, पंढरपूर बाकाखाली सापडलं. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, इमारत जुनी, स्लॅबला चीर, आणि चिरेच्या बरोब्बर खाली मुख्याध्यापकांचं टेबल, त्यावर रात्री जागून भरलेले यू-डायसचे कागद. भीमेला बंगालचा उपसागर राजगुरुनगरातच भेटला. निळा.

ज्या गावच्या पोरानं बाविसाव्या वर्षी लाहोरात न डगमगता फाशी पत्करली, त्या गावात मी मुख्याध्यापकांनी बोलावलंय म्हटल्यावर प्रयोगशाळेत अर्धा तास लपून होतो.

माझा ताण वाढला हे ठीक, मला त्याची सवय आहे. पण चार दिवसांनी एक आई भाजीबाजारात भेटली आणि म्हणाली, "सर, आमची पोरगी झोपेत 'व्ही आकाराची दरी' म्हणून ओरडती हो." कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी तिला अभ्यासाच्या गोडीबद्दल काहीतरी सांगितलं आणि सटकलो. ताणाचं तसं आपल्याकडे जुनं दुखणं आहे. १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेतलं आपलं पहिलंच भाषण दप्तराखाली वाकलेल्या मुलांवर केलं होतं, 'मालगुडी'वाले तेच. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्ये अहवाल दिला, त्याचं सार असं की पाठीवरच्या दप्तरापेक्षा न समजण्याचं ओझं अधिक जाच करतं. दप्तराचं वजन करायला आमच्याकडे काटा आला. न समजलेल्याचं वजन दाखवणारा काटा अजून कुणी काढलेला नाही. माझी नोकरी त्यावरच टिकून आहे.

स्टाफरूममध्ये ही कथा यथावकाश पोचलीच. मराठीच्या मॅडम, गणिताचे सर आणि पीटीचे सर यांनी माझी बाजू समजून घेतली, म्हणजे पोट धरून हसले. मग मॅडमनी एक गोष्ट सुचवली. जपानमध्ये शिक्षक शंभराहून अधिक वर्षं असं करत आलेत : तीन-चार जण मिळून एकाच पाठाचं नियोजन करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून बघतात; आणि बघतात ते शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. मग एकत्र बसून पाठ दुरुस्त करतात. "आपण करून बघू," मॅडम म्हणाल्या. "शिकवायला कोण उभं राहणार?" तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. बिघडायचं काही शिल्लक नसलेला मीच होतो.

पीटीच्या सरांकडे स्टॉपवॉच असतं हे माझ्या लक्षातच नव्हतं. माझा तास संपल्यावर त्यांनी धावण्याच्या स्पर्धेचा निकाल वाचावा त्या आवाजात आकडे वाचले : "एकूण पस्तीस मिनिटं. मुलं बोलली चार मिनिटं. त्यातलं दीड मिनिट 'सर, पाणी पिऊन येऊ?'" मॅडमनी माझे प्रश्न टिपून घेतले होते; त्यांचं निरीक्षण असं की मी प्रश्न विचारतो, उत्तरही मीच देतो, आणि वर 'शाब्बास'ही म्हणतो. गणिताच्या सरांनी लाल पेन घेतलं आणि माझ्या रंगीत तक्त्यातलं एकेक कलम खोडायला सुरुवात केली. हे पुस्तकात आहे, पोरं वाचतील, खोडा. हे त्यांना माहीत आहे, खोडा. हे तुम्हालाच माहीत नाही, खोडा. शेवटी कागदावर एकच प्रश्न उरला : वळणावर नदी कुठला काठ खाते, आणि का?

"आणि ती परात कशाला?" सरांनी विचारलं.

"नदी दाखवायला."

"अहो, मग ती नदी कुठंय? राजगुरू वाड्याच्या पलीकडं वाहते ती?"

होती खरी तिथे. शाळेतून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तिला परातीत आणली होती.

परवानगीपत्रं, शिट्टी आणि पीटीचे सर असा बंदोबस्त घेऊन आम्ही नववीला नदीवर नेलं. माझ्या खिशात तक्ता नाही, नुसता एक प्रश्न, त्यामुळे हातापायाला कंप सुटलेला. पण रानवाल्या पोरानं प्रश्न पुरा ऐकूनही घेतला नाही; तो सरळ पुढे झाला, तुटका काठ दाखवला, समोरची गाळपेर दाखवली, पाचोळा पाण्यात टाकून कुठे जोरात पळतो आणि कुठे रेंगाळतो ते दाखवलं, आणि पोरांनी त्याच्यावर जे प्रश्न फेकले त्यातले दोन मला आजही कुणाला तरी विचारायचे आहेत. मला बोलायला जागाच नव्हती. निदान गाळ जवळून दाखवावा म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं आणि घोट्याच्या वर आत गेलो. चार पोरांनी मला ओढून काढलं. डावा बूट नदीनं ठेवून घेतला. संचयन त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

एकदा चव लागल्यावर मी थांबतो थोडाच? आमच्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांमधला, लोकांच्या मतांवर ठरणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार मिळाला. तिथल्या दत्तात्रय वारे गुरुजींच्या शाळेत विषयमित्र असतात. एखादा विषय ज्याला येतो तो इतरांना शिकवतो, मग तो वयानं मोठा असो की लहान. साऱ्या जगातून मतं मिळवलेली शाळा आपल्या तालुक्यात, आणि आपण परातीत नदी करतोय, या विचारानं मी पेटलो आणि सातवीत विषयमित्र नेमले. नकाशाचं प्रमाण शिकवायला एक मुलगी उभी राहिली. घरचे कामासाठी बिहारहून चाकणला आलेले, ही दोन वर्षांत आमच्या तालुक्यातल्या पोरींसारखी मराठी बोलायला लागलेली. गावाकडे जायला रेल्वेत किती तास बसतो आणि नकाशावर ते अंतर किती बोटं भरतं, यावरून तिनं प्रमाण असं काही समजावलं की इतकी वर्षं मी ते का चुकवत होतो हे मलाही समजलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो तर पहिल्या बाकावरून काळजीच्या सुरात प्रश्न आला, "सर, आज पण तीच शिकवणार ना?"

आता मला वरचेवर शेवटच्या बाकावर बसायला मिळतं. तिथून वर्ग निराळाच दिसतो. त्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं, चांगल्या वळणदार अक्षरात कोरून ठेवलंय : 'भूगोलात इथे वेळ थांबते.' अक्षरावरून बॅच ओळखायचा मी प्रयत्न केला. बरीच अक्षरं होती.

विषयमित्रांनी मग माझीही सोय लावली. ऑनलाइन माहिती भरताना माझा पासवर्ड दरवेळी विसरला जातो आणि त्या ताणात मी मुलांवर ओरडतो, हे त्यांच्या बैठकीत चर्चेला आलं म्हणे. आठवीच्या एका मुलाची माझा विषयमित्र म्हणून रीतसर नेमणूक झाली. तो फार शांतपणे शिकवतो. परवा म्हणाला, "घाई करू नका सर, समजलं नसेल तर परत विचारा." असं मला कधी सुचलं नव्हतं.

तर सध्या माझं टाचण अर्ध्या पानात मावतं. वर एक प्रश्न, खाली आज पहिलं कोण बोलणार त्याचं नाव, त्याखाली मी काय सांगायचं नाही त्याची यादी, ही सगळ्यात लांब, आणि शेवटी पाच मिनिटं कोरी. पोर्शन आश्चर्यकारकरीत्या तेवढाच होतो जेवढा आधी व्हायचा, फक्त आता त्यातला काही मुलांनाही आठवतो. व्ही आकाराच्या दरीनं ओरडणारी मुलगी शांत झोपते, असं तिच्या आईनं सांगितलं. परवा भाजीबाजारात मला बघून ती हसली, आणि मी सटकलो नाही. बायकोनं नवं टाचण बघितलं, कोऱ्या पाच मिनिटांवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "वर्ग म्हणजे कंपनी नाही ना?" मी आमटी वाढून घेतली.

मग वार्षिक तपासणी आली. साहेब अनुभवी होते, माणूस सज्जन. त्यांनी चहा घेतला, बिस्किट बुडवलं, माझी वही उघडली आणि कोऱ्या जागेवर येऊन थबकले.

"या पाच मिनिटांत काय केलंत?"

"काही नाही, साहेब. मुलं बोलली."

"कशाबद्दल?"

"त्यांना सुचलं त्याबद्दल."

"उद्दिष्ट?"

मी पर्यवेक्षक मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर भेळेच्या गाडीकडे पाहत होत्या. साहेबांनी बराच विचार केला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि समासात ठळक शेरा लिहिला : 'उपक्रम स्तुत्य. रिकाम्या वेळेचे मिनिटनिहाय नियोजन करून आठ दिवसांत सादर करावे.'

त्याच कामाला लागलोय. पहिली दोन मिनिटं रिकामी कशी ठेवायची ते नीट बसलंय. तिसऱ्या मिनिटाला अडलोय.